बैठकीची वेळ कोण ठरवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. भांडवलाचे केंद्रीकरण, शेतमालाचे भाव, बेकारी हे विषय बाजूला ठेवून बैठका कशा ठरवाव्यात आणि कशा चालवाव्यात, त्यासाठी इंटरनेटवर जी साधने मिळतात त्यांचा उपयोग कसा करावा, हा कारकुनी प्रश्न एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने का घ्यावा? माझे उत्तर सरळ आहे. बैठक हा लोकशाहीचा सर्वांत लहान घटक आहे. आपल्या घटनेत, जाहीरनाम्यात आणि ठरावांत आपण जी समता मागतो, ती आपल्या अकरा माणसांच्या कार्यकारिणीत नांदते की नाही, याची कसोटी बैठकीतच लागते. आणि बैठकीतील समतेचा पहिला प्रश्न ‘कोण काय बोलला’ हा नसून ‘कोण येऊ शकला’ हा आहे. तेव्हा बैठकीची वेळ कोण ठरवतो, हा प्रश्न दिसतो तितका कारकुनी नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, हे आपण सर्व जाणतो. त्या संघटनेच्या अग्रक्रमाच्या मागण्यांत एक मागणी आठवड्यातून एक दिवस सुट्टीची होती. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. या सुट्टीकडे आपण एरवी विश्रांतीच्या दृष्टीने पाहतो, आणि ते योग्यच आहे. तथापि तिचा आणखी एक अर्थ आहे. हजारो माणसांना एकाच वेळी मोकळा असणारा दिवस त्या निर्णयाने निर्माण झाला. सर्वांचा समान मोकळा वेळ ही संघटनेची पहिली भांडवली गरज असते, आणि ती लढून मिळवावी लागली होती. पुढे कामगार चळवळीने गिरणीच्या दाराशी, पाळी सुटण्याच्या आणि भरण्याच्या वेळी सभा घेण्याची प्रथा पाडली, तिच्यामागेही हेच गणित होते. कामगाराला सभेकडे बोलावण्यापेक्षा सभा कामगाराच्या वाटेवर नेणे अधिक शहाणपणाचे होते.

आज ही समान मोकळी वेळ विस्कटली आहे. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची खाजगी कंपनीतली न संपणारी नोकरी, तिसरा घरोघरी माल पोहोचवणारा, ज्याचे काम मोबाईलच्या पडद्यावर केव्हा उमटेल ते त्यालाच ठाऊक नाही. गिरणीचा भोंगा सर्वांसाठी एकदम वाजत असे, आता प्रत्येकाच्या खिशात वेगळा भोंगा आहे. या विस्कटलेल्या वेळेतून सामाईक तास शोधून देण्याचे काम करणारी साधने गेल्या दोन दशकांत निर्माण झाली. त्यांचा अव्हेर करण्याचे कारण नाही. परंतु ती नेमके काय करतात आणि काय करीत नाहीत, हे समजून घेतले पाहिजे.

ही साधने ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार वेळेच्या कौलाचा. झुरिकच्या ‘डूडल’ने ही पद्धत जगभर रूढ केली. निमंत्रक चार-सहा वेळा सुचवतो, प्रत्येक सभासद आपल्याला जमणाऱ्या सर्व वेळांवर खूण करतो, आणि ज्या वेळेवर सर्वाधिक खुणा ती वेळ ठरते. व्हॉट्सॲपने २०२२ च्या नोव्हेंबरपासून कौल घेण्याची सोय आपल्या गटांत दिली, त्यामुळे ही पद्धत आता तालुक्याच्या शाखेपर्यंत पोहोचली आहे. दुसरा प्रकार प्रत्यक्ष बैठक चालवण्याचा. ‘झूम’ ही कंपनी २०११ साली स्थापन झाली. डिसेंबर २०१९ मध्ये तिच्या बैठकांतील दैनिक सहभागाचा आकडा सुमारे १ कोटी होता, तो एप्रिल २०२० मध्ये सुमारे ३० कोटींवर गेला, कारण साथीने जगाला घरात कोंडले होते. तिसरा प्रकार बैठकीविना विचारविनिमय करून निर्णयाला पोहोचण्याचा. न्यूझीलंडमध्ये २०११ च्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनातील तरुणांच्या अनुभवातून ‘लूमिओ’ हे साधन निघाले आणि ते चालवण्यासाठी त्यांनी कामगारांची सहकारी संस्था काढली. प्रस्तावावर संमती, तटस्थता, असहमती आणि अडवणूक अशी चार उत्तरे देण्याची तरतूद तीत आहे. साधी नापसंती आणि तत्त्वाचा विरोध यांतील भेद तीत नोंदवता येतो, ही बाब आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता पहिल्या प्रकाराचे थोडे परीक्षण करू. वेळेचा कौल वरवर पाहता निर्दोष लोकशाही वाटतो. एक माणूस, हव्या तितक्या खुणा, बहुमताचा निर्णय. पण एक उदाहरण घेऊ. समजा, अकरा सभासदांची कार्यकारिणी आहे. त्यांतील आठजण कार्यालयांत नोकरी करणारे असून रात्री साडेआठ ही वेळ त्यांना सोयीची आहे. उरलेल्या तिघांत एक परिचारिका आहे, एक घरचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून काम करणारी भगिनी आहे आणि एक खेड्यातला कार्यकर्ता आहे, ज्याची परतीची शेवटची एसटी संध्याकाळीच सुटते. या तिघांना रविवारी सकाळी अकरा ही वेळ जमते, आणि ती त्या आठांपैकी चौघांनाही जमते. दर महिन्याला कौल घेतला की रात्री साडेआठला आठ खुणा आणि रविवारी सकाळला सात. एका खुणेच्या फरकाने दर वेळी रात्रच जिंकते. वर्षाच्या बारा बैठकांत एकूण ९६ उपस्थिती भरते, आणि ते तीन सभासद एकाही बैठकीला येऊ शकत नाहीत.

आता हाच हिशेब वर्षाचा धरून करा. बारांपैकी आठ बैठका रात्री घ्या आणि चार रविवारी सकाळी. एकूण उपस्थिती ६४ अधिक २८, म्हणजे ९२. शहाण्णवातून फक्त चार कमी झाल्या. त्या चारांच्या मोबदल्यात तीन माणसे वर्षातून प्रत्येकी चार बैठकांना आली. ज्यांनी रविवारची बैठक चुकवली त्यांनाही आठ बैठका मिळाल्याच. पहिल्या पद्धतीत प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर न्याय्य होता, त्यांची बेरीज मात्र अन्याय्य झाली. कौलाला स्मरणशक्ती नसते. मागील महिन्यात कोण वगळले गेले, हे त्याला ठाऊक नसते. ती स्मरणशक्ती संघटनेने पुरवायची असते.

ही त्रुटी कोणावर आदळते, हेही पाहा. भारत सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदल्याच्या कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर तसे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे दोन माणसांनी कौलात सारख्याच खुणा केल्या, तरी एकीचा मोकळा तास दुसऱ्याच्या तासापेक्षा महाग असतो. ज्याच्यापाशी मोकळा वेळ कमी, त्याच्या खुणा कमी. ज्याच्या खुणा कमी, त्याचे निर्णयातील वजन कमी. मालमत्तेवर मताधिकार ठेवण्याची जुनी पद्धत आपण मोडून काढली. येथे वेळेच्या मालमत्तेवर मताधिकार ठेवण्याची नवी पद्धत आपल्या नकळत रूढ होत आहे. अमेरिकन समाजवादी विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९६८ साली लिहिलेल्या एका निबंधात हीच धोक्याची सूचना दिली होती. सहभागाची लोकशाही शेवटी ज्यांना संध्याकाळी सवड आहे त्यांच्या हाती जाईल, आणि म्हणून न येणाऱ्यांच्या हक्कांचाही विचार केला पाहिजे, असा त्यांचा आशय होता.

वेळेच्या कौलाविषयी आणखी एक अभ्यासपूर्ण निष्कर्ष आहे. झू, मेयर आणि पार्क्स या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘डूडल’वरील कौलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतरांच्या खुणा दिसत असतील तेव्हा माणसे अधिक वेळांवर खुणा करतात, असे त्यांना आढळले. आणि या वाढीव खुणा विशेषतः आधीच लोकप्रिय असलेल्या वेळांवर, तसेच कोणालाच न जमणाऱ्या वेळांवर पडतात. याचे कारण समजण्यास कठीण नाही. लोकप्रिय वेळेवर खूण केली की आपण सहकार्य केले असे दिसते, आणि जी वेळ निवडलीच जाणार नाही तिच्यावर खूण केली की काही न गमावता औदार्य दाखवता येते. आपल्याकडे तर भिडस्तपणा हा स्वभावच आहे. अध्यक्षांनी आणि दोन ज्येष्ठांनी एका वेळेवर खूण केलेली दिसली, की नवा कार्यकर्ता ‘चालेल’ म्हणतो आणि त्या दिवशी येत नाही. मग त्याच्या निष्ठेविषयी कुजबुज सुरू होते. तेव्हा दोन साधे नियम पाळता येतील. कौल बंद पद्धतीने घ्यावा, म्हणजे प्रत्येकाची खूण फक्त निमंत्रकाला दिसावी. आणि वेळा सुचवण्यापूर्वी ज्यांचा वेळ सर्वांत अडलेला आहे, त्या पाळीवाल्यांना, भगिनींना आणि दूरच्यांना फोन करून विचारावे. कारण कौलात पर्याय कोणते ठेवायचे हे ठरवणारा निमंत्रक अर्धा निर्णय आधीच घेऊन बसलेला असतो.

साथींनो, आता मी माझ्या विषयाच्या, म्हणजे अर्थशास्त्राच्या, अधिक जवळ येतो. एखाद्या वस्तूची किंमत घटली की तिचा खप वाढतो, हा प्राथमिक नियम आहे. एकोणिसाव्या शतकात जेव्हन्स यांनी दाखवून दिले की कोळसा काटकसरीने जाळणारी यंत्रे आल्याने कोळशाचा खप कमी होत नाही, तो वाढतो. बैठकांचेही तेच झाले. २०२० साली टाळेबंदीच्या सुमारास १६ मोठ्या शहरांतील सुमारे ३१ लाख कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीत असे दिसले की दरमाणशी बैठकांची संख्या १२.९ टक्क्यांनी वाढली, प्रत्येक बैठकीतील माणसांची संख्या १३.५ टक्क्यांनी वाढली, बैठकीची सरासरी लांबी २०.१ टक्क्यांनी घटली, आणि कामाचा दिवस सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला. बैठक बोलावणे स्वस्त झाले, म्हणून बैठका वाढल्या आणि माणसाचा दिवस लांबला.

यातील मर्म असे की बैठक बोलावणाऱ्याचा खर्च घटला, येणाऱ्यांचा घटला नाही. पूर्वी निमंत्रकाला पोस्टकार्डे लिहावी लागत, जागा शोधावी लागे, सतरंजी आणि चहा यांची व्यवस्था करावी लागे. त्या श्रमामुळेच तो स्वतःला विचारीत असे की ही बैठक खरोखर हवी आहे का? आज बोट टेकवले की बैठक उभी राहते. पण वीस माणसे दीड तास बसली तर ३० मनुष्यतास खर्ची पडतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे एका माणसाचे जवळजवळ चार दिवसांचे काम झाले. हा खर्च निमंत्रकाच्या वहीत कोठेच मांडला जात नाही. कारखानदार आपला धूर शेजाऱ्याच्या घरात सोडतो आणि त्याची किंमत मोजीत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. म्हणून शिस्त अशी हवी की माहिती लेखी द्यावी आणि निर्णय बैठकीत घ्यावेत. ज्या बैठकीच्या सूचनेत कोणता निर्णय घ्यावयाचा आहे हे एका वाक्यात लिहिता येत नाही, ती बैठक बोलावू नये. इतिवृत्त तीन दिवसांत सर्वांना, विशेषतः न आलेल्यांना, पाठवावे, आणि त्यावर हरकत नोंदवण्यास ठरावीक मुदत द्यावी.

आता दूरस्थ बैठकीकडे वळू. तिचा लाभ नाकारणे हा हट्ट ठरेल. गडचिरोलीच्या कार्यकर्त्याला मुंबईतील दोन तासांच्या बैठकीसाठी जाऊन-येऊन दोन दिवस आणि प्रवासखर्च घालवावा लागत असे. परिणामी राज्य कार्यकारिण्यांवर मुंबई-पुण्याची छाया पडत असे. हे अंतर आता पुसता येते, आणि ज्याचा प्रवास अधिक त्याचा लाभ अधिक आहे. तथापि या मार्गावरही एक दार आहे आणि ते सर्वांना सारखे उघडे नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, शहरांतील ४२ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती आणि ग्रामीण भागात अवघ्या १४.९ टक्के. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के होते आणि स्त्रियांचे ३३.३ टक्के. त्यानंतर हे आकडे वाढले आहेत यात शंका नाही, पण घरातला एकच चांगला फोन कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न आकडे वाढल्याने मिटत नाही. म्हणून साध्या फोनवरून आवाजाने सामील होता येईल अशी सोय प्रत्येक दूरस्थ बैठकीत असलीच पाहिजे, आणि पडद्यावर दाखवायचे कागद आदल्या दिवशी पाठवले पाहिजेत.

दुसरा प्रश्न कोणते काम पडद्यावर करावे आणि कोणते समोरासमोर बसून करावे याचा. ब्रक्स आणि लेवाव यांचा एक प्रयोग २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जोडीजोडीने काम करणारी माणसे पडद्यावरून भेटली तेव्हा त्यांना नव्या कल्पना कमी सुचल्या, कारण त्यांची नजर पडद्यावर खिळून राहिली आणि तिच्याबरोबर विचाराचे क्षेत्रही आकुंचित झाले. परंतु सुचलेल्या कल्पनांतून एक निवडण्याच्या कामात ती कोठेही मागे पडली नाहीत. यावरून आपल्याला उपयोगी असा धडा निघतो. आंदोलनाची दिशा, जाहीरनाम्याचा मसुदा, संघटनेतील मतभेद हे विषय प्रत्यक्ष भेटीसाठी राखावेत. तयार पर्यायांतून निवड, हिशेबाची मंजुरी, कार्यक्रमाच्या तारखा ही कामे पडद्यावर खुशाल उरकावीत. वर्षातून चार वेळा नीट भेटणारी आणि एरवी पडद्यावर भागवणारी समिती दर आठवड्याला अर्धवट भेटणाऱ्या समितीपेक्षा अधिक काम करील, असे मला वाटते.

तिसरा प्रश्न सत्तेचा आहे. सभाशास्त्राचे नियम अनुभवातून घडले आहेत. हेन्री रॉबर्ट यांचे सभानियमांचे पुस्तक १८७६ साली निघाले आणि त्याच्या २०२० च्या बाराव्या आवृत्तीत दूरस्थ बैठकांसाठी नमुना नियमांची भर पडली. या नियमांचे सार असे की अध्यक्षाला अधिकार असतात, पण ते उघडपणे वापरावे लागतात आणि त्यांवर हरकतीचा मुद्दा उपस्थित करता येतो. पडद्यावरील बैठकीत मात्र ज्याच्या हाती सूत्रे आहेत तो एक कळ दाबून कोणाचाही आवाज बंद करू शकतो, कोणालाही बाहेर काढू शकतो, आणि इतरांना वाटते की बिचाऱ्याचे नेटवर्क गेले. सभागृहात एखाद्याचे बोलणे थांबवले तर निदान शंभर डोळे ते पाहतात. येथे साक्षीदारच उरत नाही. म्हणून बैठकीची तांत्रिक सूत्रे सांभाळणारा आणि बैठकीचा अध्यक्ष या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. आवाज बंद करण्याचा आदेश अध्यक्षाने नाव घेऊन, सर्वांना ऐकू जाईल असा द्यावा आणि त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. गुप्त मतदान आवश्यक असेल तर ते हात उंचावण्याच्या चित्रावर भागवू नये.

आणि या सर्वांच्या वर मालकीचा प्रश्न आहे. ‘झूम’ची विनामूल्य बैठक ४० मिनिटांनी संपते. व्यापारी दृष्टीने ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण चर्चा कोठे थांबावी हे चर्चेने ठरण्याऐवजी दुकानदाराच्या दरपत्रकाने ठरावे, ही स्थिती संघटनेला शोभणारी नाही. याहून गंभीर गोष्ट जून २०२० मध्ये घडली. तिआनमेन चौकातील १९८९ च्या हत्याकांडाच्या स्मरणार्थ परदेशस्थ चिनी कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, तेव्हा चिनी सरकारच्या मागणीवरून त्या कंपनीने अमेरिका आणि हाँगकाँग येथील तीन कार्यकर्त्यांची खाती बंद केली. गवगवा झाल्यावर ती पूर्ववत झाली. सभास्वातंत्र्य हा आपला मूलभूत हक्क आहे, पण सभेची जागा खाजगी मालकीची असेल तर त्या हक्काची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे विचारावे लागते.

यावर पर्याय आहेत. स्ट्रासबर्ग विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून २००३ साली सुरू झालेले ‘जित्सी’, कॅनडातील कार्लटन विद्यापीठात जन्मलेले ‘बिगब्लूबटन’, फ्रान्समधील ‘फ्रामासॉफ्ट’ या संस्थेचे वेळेच्या कौलासाठीचे ‘फ्रामाडेट’ ही सर्व मुक्त साधने आहेत. त्यांची रचना सर्वांना पाहता येते, आणि ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात. मुक्त याचा अर्थ फुकट असा मात्र नव्हे. सर्व्हरचे भाडे, देखभाल आणि जाणकार माणसाचा वेळ यांचा खर्च असतोच. एका शाखेला तो पेलणार नाही. पण कामगार संघटना, पतसंस्था, ग्रंथालये आणि वाचक मंडळे यांनी मिळून तो उचलणे अशक्य नाही. ज्या महाराष्ट्राने साखर कारखाने आणि सूतगिरण्या सहकारातून उभारल्या, त्याला एक सामाईक सभागृह पडद्यावर उभारता येऊ नये, असे मला वाटत नाही.

येथे एका भ्रमाविषयी सावध केले पाहिजे. उत्तम साधन आणले की उत्तम लोकशाही आपोआप येते, हा तो भ्रम. जर्मनीतील पायरेट पक्षाने ‘लिक्विडफीडबॅक’ हे साधन स्वीकारले होते. २०११ च्या बर्लिन निवडणुकीत त्या पक्षाने ८.९ टक्के मते आणि १५ जागा मिळवल्या तेव्हा या प्रयोगाची मोठी चर्चा झाली. सभासदाने स्वतः मत द्यावे किंवा विश्वासातल्या माणसाकडे सोपवावे, अशी त्याची रीत. प्रत्यक्षात थोड्या व्यक्तींकडे पुष्कळ मते साचली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की या व्यक्तींनी आपल्या वजनाचा वापर बहुधा संयमाने केला. परंतु तो संयम त्यांच्या स्वभावाचा होता, नियमाचा नव्हता. स्त्रीमुक्ती चळवळीतील जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते की ज्या गटात नियम नसतात तेथे सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते आणि मैत्रीच्या वर्तुळांत जाऊन बसते. व्हॉट्सॲपच्या गटात रात्री अकरा वाजता चार अंगठे उमटले की ‘ठरले’ असे जाहीर करणाऱ्या शाखांनी हा निबंध अवश्य वाचावा.

गंमत अशी की भांडवलाने आपल्या बैठकांची व्यवस्था कायद्यात लिहून घेतली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७३ आणि १७४ यांनी संचालकांना दूरदृश्य पद्धतीने बैठकीत सामील होण्याची मुभा दिली, त्यांची गणसंख्येत गणना केली, आणि सहभागाची व कामकाजाची तारीखवार नोंद ठेवण्याची अट घातली. एप्रिल आणि मे २०२० च्या परिपत्रकांनी भागधारकांच्या सभाही तशा घेता येऊ लागल्या. आपल्या संघटनांच्या घटनांत मात्र पुष्कळदा याविषयी एक ओळही आढळत नाही, सारे निमंत्रकाच्या सद्‌भावनेवर सोडलेले असते. सद्‌भावना चांगलीच असते, पण ती पुढच्या निमंत्रकाला वारशाने मिळत नाही. तेव्हा माझी सूचना अशी की प्रत्येक शाखेने आपल्या नियमावलीत पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. बैठकीच्या वेळा वर्षाच्या हिशेबाने फिरत्या ठेवाव्यात. लागोपाठ दोन बैठकांना वेळेअभावी येऊ न शकलेल्या सभासदाच्या सोयीने तिसरीची वेळ ठरवावी. दूरस्थ हजेरी गणसंख्येत कशी धरावी हे स्पष्ट करावे. ॲपवरील कौलाला निर्णयाचा दर्जा केव्हा मिळतो आणि त्यासाठी किती तासांची मुदत असावी हे ठरवावे. आणि रात्री ठरावीक वेळेनंतर संघटनेनेही कार्यकर्त्याला हाक मारू नये.

शेवटच्या सूचनेवर काहींची हरकत असेल. कार्यकर्त्याला कसली आली वेळ? पण विचार करा. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मुक्त राहण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०१७ साली मोठ्या दुकानांतील आणि हॉटेलांतील कामगारांना पाळीची पूर्वसूचना देणे बंधनकारक केले. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संपर्कमुक्तीचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने आठवड्याची ४८ तासांची मर्यादा ठेवूनही कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. बारा तास यंत्रापाशी, त्यावर जाण्यायेण्याचे दोन तास. या माणसाच्या दिवसात कोणते ॲप बैठकीसाठी तास शोधून देणार आहे?

साथींनो, मूळ मुद्दा येथे आहे. ही साधने असलेला मोकळा तास शोधून देतात, नसलेला तास ती निर्माण करू शकत नाहीत. तो १८९० साली चळवळीने निर्माण केला होता. आजही कामाच्या तासांचा लढा, पाळीची पूर्वसूचना मिळण्याचा लढा आणि घरकामाच्या वाटणीचा लढा यांच्यावाचून बैठकीतील समता अपुरीच राहील. आणि हे लढे बैठकींवाचून उभे राहणार नाहीत, हेही तितकेच खरे आहे. म्हणून साधने घ्या, पारखून घ्या, त्यांना नियमांचा लगाम घाला. पुढच्या बैठकीची वेळ ठरवताना ज्या साथीला गेल्या वर्षभरात एकदाही येता आले नाही, त्याला किंवा तिला पहिला फोन करा. तेथून आरंभ करायला कोणत्याही साधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.